दिव्याचा नेम

कौशल्याबाई संध्याकाळचा कुकर लावत होत्या, तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या सुशीलाबाई उभ्या होत्या. हातात मोबाइल, नाकावर वाचायचा चष्मा आणि उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसा चेहरा. सुशीलाबाई शाळेत पर्यवेक्षिका होत्या. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती शाळेच्या हिशेबानं. सोसायटीच्या हिशेबानं त्या अजून नोकरीतच होत्या.

“तुम्ही आज दिवा लावला नाहीत म्हणे,” त्या म्हणाल्या.

कौशल्याबाईंना काही उमजेना. त्यांनी मागे वळून देव्हाऱ्याकडे पाहिलं. समईत वात नीट जळत होती. सुशीलाबाईंनीही मान तिरकी करून ती पाहिली आणि मोबाइल पुढे धरला. त्यावर मेसेज होता: ‘कौशल्या यांनी आज दिवा लावलेला नाही. आपण त्यांचे सोबती आहात. कृपया त्यांना प्रेमाने आठवण करून द्या.’

“एक तर इथे ‘सोबतीण’ हवं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “आणि दुसरं म्हणजे, दिवा तर लागलेला दिसतोय. मग हा कुठला दिवा?”

कौशल्याबाईंचा हात दाराच्या कडीवरच राहिला. हा दिवा कुठला, हे जगात तीन माणसांना माहीत होतं. एक त्या स्वतः, दुसरे त्यांचे यजमान आणि तिसरी दवाखान्यातली उत्कर्षा नावाची मुलगी. चौथं माणूस सुशीलाबाई असावं, असं त्यांच्या मनात स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यांचे यजमान रंगनाथराव मार्केट यार्डात बटाट्याच्या वाहतुकीचा धंदा करत. पूर्वी स्वतः गाडी चालवायचे, पुढे गाड्यांवर ड्रायव्हर ठेवले, तरी महिन्यातून एखादी इंदूरची फेरी त्यांची असायचीच. गेल्या वर्षी त्यांना ताप धरला तो सुटेना. वजन उतरलं, शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलू लागली. रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि शेवटी जी कोणाच्या मनात नव्हती ती झाली. डॉक्टरांनी दोघांना आत बोलावून दार लावून घेतलं आणि सांगितलं, की हा एचआयव्ही आहे, वेळेत सापडलाय, रोज औषध घेतलं तर माणूस आपलं आयुष्य पुरं जगतो.

परत येताना रिक्षात रंगनाथराव एवढंच म्हणाले, “तीन-चार वर्षांपूर्वी. इंदूरला.” कौशल्याबाई बाहेर बघत राहिल्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्यांचं स्वतःचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. लोक अशा वेळी देवाचे आभार मानतात. त्यांनीही हात जोडले, पण आभार कशाचे मानायचे हे ठरेना, म्हणून नुसतेच जोडून खाली घेतले.

रंगनाथरावांनी आपण होऊन आपली गादी हॉलमध्ये नेली. आपलं ताट, वाटी आणि स्टीलचा पेला वेगळा केला. भांड्यांनी किंवा शेजारी बसल्यानं काही होत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. पण ते ताट आजारामुळे वेगळं केलेलं नव्हतंच. ते स्वतःच घासून, पुसून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायचे. कौशल्याबाईही त्याला हात लावत नसत. मुलगी सुलक्षणा लग्न होऊन नागपूरला होती. तिला एवढंच ठाऊक होतं, की वडिलांना टायफॉइड झाला होता.

दवाखान्यात उत्कर्षानं कौशल्याबाईंना एकटीला बसवून समजावलं होतं. काकांच्या रक्तातला विषाणू औषधानं हळूहळू दबेल. तो पुरता दबून काही महिने तसाच राहिला, की काकूंना त्यांच्यापासून धोका उरणार नाही. तोवर काकूंसाठीही गोळी असते, लागण होऊ नये म्हणून. ती रोज घ्यायची, चुकवायची नाही. मग तिनं हळूच विचारलं, की दोघं एका खोलीत झोपतात का. कौशल्याबाईंनी नाही म्हणून सांगितलं. तेव्हा उत्कर्षा म्हणाली की मग घाई नाही, गोळीची आत्ता गरजच नाही. पुढेमागे मन झालं तर या, तेव्हा सुरू करू.

कौशल्याबाई पर्सची चेन उघडत-लावत बसल्या. मग म्हणाल्या, “आत्ताच द्या.”

उत्कर्षानं का म्हणून विचारलं नाही, हे तिचं शहाणपण. विचारलं असतं तर कौशल्याबाईंना उत्तर देता आलं नसतं.

गोळीची आठवण राहावी म्हणून तिनं मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज ठरल्या वेळी फोन घंटा वाजवणार, प्रश्न विचारणार, आपण ‘हो’ दाबायचं. प्रश्न कोणाला कळू नये म्हणून आपल्याला हवे ते शब्द घालता येत होते. कौशल्याबाईंनी ‘दिवा लावला का?’ असे घालायला सांगितले, कारण संध्याकाळच्या दिव्याची वेळ त्यांची आयुष्यात कधी चुकली नव्हती. तासाभरात ‘हो’ दाबलं नाही, तर आपल्या एका माणसाला मेसेज जाणार. ॲपच्या भाषेत तो सोबती. सोबती असा निवडायचा की ज्याला सगळं माहीत आहे.

असा माणूस एकच होता. राग होता, अबोला होता, पण दुसरं कोण आणणार? कौशल्याबाई यजमानांचं नाव तोंडानं घेत नसत, त्यामुळे ते फोनमध्येही नव्हतं. फोनमध्ये ते ‘सुलूचे बाबा’ होते. आणि त्यांच्या खालच्याच ओळीला ‘सुशीलाबाई’ होत्या. चष्मा घरी राहिला होता. बोट एक ओळ खाली पडलं.

पहिले काही आठवडे गोळी एकदाही चुकली नाही, म्हणून कोणाला काही कळलं नाही. त्या संध्याकाळी मात्र फोन भाजीच्या पिशवीत राहिला. गोळी घेतली, पण ‘हो’ दाबायचं राहून गेलं.

दारात उभ्या राहून कौशल्याबाईंनी सुचेल ते सांगितलं. एक नेम धरलाय, म्हणाल्या. त्याचा दिवा निराळा असतो. सुशीलाबाईंनी तो कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, की तो मनातल्या मनात लावायचा असतो.

“मनातला दिवा,” सुशीलाबाई म्हणाल्या, “आणि मोबाइलला कळतो.”

पण त्या यापुढे गेल्या नाहीत. त्या पुन्हा मेसेज वाचत होत्या. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या की आधी विचारायला हवं होतं, पण असू दे, घेतलंय तर करीन. आणि त्या गेल्या. सुशीलाबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात होता. सोसायटीत सगळे त्यांना घाबरत, पण त्यांना आपणहून कशात सोबतीला असं कोणी घेतलं नव्हतं. आपलं दार उघडताना त्यांची पाठ जरा ताठ दिसली.

कौशल्याबाई दुसऱ्याच दिवशी उत्कर्षाकडे गेल्या. उत्कर्षाला आधी हसू आलं, मग काकूंचा चेहरा बघून तिनं ते आवरलं. सोबती बदलणं अगदी सोपं आहे, म्हणाली. फक्त ज्याला काढलं, त्याला ॲप आपोआप एक मेसेज पाठवतं. काय पाठवतं, तेही तिनं वाचून दाखवलं: ‘कौशल्या यांना आता आपल्या सोबतीची गरज नाही.’

हा मेसेज सुशीलाबाईंच्या फोनवर पोहोचला, तर पुढचं काय होईल, हे कौशल्याबाईंनी डोळ्यांसमोर आणलं. त्या म्हणाल्या, “राहू दे. मी चुकवतच नाही.”

आणि खरंच त्यांनी चुकवलं नाही. दवाखान्यातल्या कोणाच्याही सांगण्यानं नसती घेतली, इतक्या वेळेवर त्यांनी ती गोळी सुशीलाबाईंच्या धाकानं घेतली. पण मेसेज यायचे थांबले म्हणून सुशीलाबाई थांबल्या नाहीत. आपल्याला काहीच काम उरलं नाही हे त्यांना पटेना. मेसेज आला नाही, तर फोन बिघडला असेल म्हणून त्या रोज संध्याकाळी येऊन खात्री करून जाऊ लागल्या. बरोबर आणखी एक-दोन बायका येऊ लागल्या. सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर ‘कौशल्याताईंचा दिव्याचा नेम’ असा विषय निघाला. दिवा मनातला असला तरी तेलवात लागणारच, असं कोणीतरी ठरवलं आणि वाती यायला लागल्या. फुलवाती, लांब वाती, तुपात भिजवलेल्या वाती. साखरेच्या रिकाम्या डब्यात त्या मावेनात, म्हणून कौशल्याबाईंनी पोह्यांचा डबा मोकळा केला. मग बायकांना ते ॲपच हवं झालं. कौशल्याबाईंनी सांगितलं की ते ज्याचं त्याला मिळतं, मागून मिळत नाही. हे शब्दशः खरं होतं, पण त्यामुळे नेमाचा मान फारच वाढला.

राहता राहिला एक प्रश्न, तो म्हणजे नेम कशासाठी. कोणी म्हणालं सुलूला मूल व्हावं म्हणून, कोणी म्हणालं गावाकडच्या जमिनीचं असेल. सुशीलाबाईंना अंदाज आवडत नसत. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सरळ विचारलं आणि कौशल्याबाईंना काहीतरी सांगणं भाग पडलं. त्या म्हणाल्या, ह्यांच्या तब्येतीसाठी.

ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते बोलल्यावर त्यांना रडू आलं. कोणीतरी पाणी आणलं. सगळ्यांनी त्या रडण्याचा जो अर्थ लावला, तो अर्थ त्यांना नको होता. पण खरा अर्थ सांगण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये बायकांनी रंगनाथरावांना गाठलं. नशीबवान आहात, म्हणाल्या. अशी बायको मिळायला पुण्य लागतं, म्हणाल्या. रंगनाथराव गाडीची किल्ली हातात धरून मान खाली घालून ऐकत राहिले. लाजताहेत, असं बायकांना वाटलं.

वर आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कौशल्याबाई आत असताना बऱ्याच महिन्यांत ते तिथवर आले नव्हते. त्यांना दिव्याचं सगळं ठाऊक होतं. ती घंटा ते हॉलमधून रोज ऐकत. देव्हाऱ्याच्या खणातली बाटली त्यांनी पाहिली होती. उत्कर्षानं तीच गोष्ट त्यांनाही एकट्यांना समजावलेली होती. आपल्या बायकोला जी गोळी घ्यायची आज काही गरज नाही, ती गोळी ती रोज घेते, हे त्यांना माहीत होतं. त्याचा अर्थ काढायचं धाडस मात्र त्यांना झालं नव्हतं.

“तू त्यांना असं सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“काहीतरी सांगावं लागलं.”

“ती गोळी घेऊ नकोस,” ते म्हणाले. “तुला उगाच त्रास. मी बाहेरच झोपणार आहे. शेवटपर्यंत. तुला भीती नको.”

त्यांना वाटलं आपण तिच्यावरचं ओझं उतरवतोय. कौशल्याबाईंच्या हातातली कालथी तशीच राहिली. इतके महिने त्यांनी ज्या गोष्टीचा स्वतःशीही उच्चार केला नव्हता, ती ह्या माणसानं एकट्यानं ठरवून टाकली होती. जसं इंदूरचंही त्यानं एकट्यानंच ठरवलं होतं.

“ते मी ठरवीन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नाही.”

आणि संध्याकाळी त्यांनी गोळी घेतली नाही. पिशवी भरली आणि पुण्याजवळच्या मांजरी गावी भावाकडे निघून गेल्या. बाटली खणातच राहिली.

मांजरीला भावाचा ऊस होता, आणि उसाला लागून आता उंच इमारती आल्या होत्या. भावजय सुंदराबाईंनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात लसूण सोलता सोलता म्हणाल्या, “आलीस तशी बोलत न्हाईस. भांडान झालंय का?”

“भांडण झालं असतं तर बरं झालं असतं,” कौशल्याबाई म्हणाल्या.

सुंदराबाईंना ते कळलं नाही. त्यांनी लसणाचा आणखी एक गड्डा पुढे सरकवला. संध्याकाळी फोन घंटा वाजवायचा, ‘दिवा लावला का?’ म्हणून विचारायचा. कौशल्याबाई तो उशीखाली सरकवून ठेवायच्या. तासाभरानं पुण्यात मेसेज जायचा.

पहिल्या मेसेजला सुशीलाबाई बेल वाजवून आल्या, तेव्हा रंगनाथरावांनी दार उघडलं आणि ती माहेरी गेली आहे असं सांगितलं. सुशीलाबाईंनी मेसेज त्यांच्यासमोर धरला. रंगनाथरावांनी तो वाचला. ‘कौशल्या यांनी आज दिवा लावलेला नाही.’ सुशीलाबाईंच्या लेखी त्याचा अर्थ नेम मोडला, एवढाच होता. रंगनाथराव दाराला धरून खाली चपलांच्या स्टँडवर बसले.

सुशीलाबाईंनी त्यांना बसू दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या तब्येतीसाठी तुमची बायको एवढं करते, चार दिवस ती गावाला गेली तर तुम्हाला एक दिवा लावता येऊ नये? मनातला लावता येत नसेल तर साधा लावा. वातींचा डबा त्यांनी स्वतः शोधून काढला. मग त्या रोज संध्याकाळी येऊन शेजारी उभ्या राहू लागल्या आणि बटाट्याचे ट्रक मोजण्यात आयुष्य गेलेला तो माणूस पाटावर बसून निरांजन लावू लागला. कधी वात तेलात बुडायची, कधी काडी विझायची, एकदा शर्टाची बाही भाजली. सुशीलाबाई सूचना द्यायच्या. दिवा लागला तरी मेसेज यायचाच. सुशीलाबाई वैतागून म्हणायच्या की हे यंत्र बावळट आहे. रंगनाथराव वात सारखी करायचे.

एका सकाळी सुशीलाबाईंनी मांजरीला फोन केला. कौशल्याबाईंनी फोन घेऊन ओसरीच्या टोकाला नेला. आता आपली खरडपट्टी निघणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

“तुमचा नेम तुमचे यजमान करताहेत,” सुशीलाबाई म्हणाल्या. “वात लावता येत नाही त्यांना. पण लावतात. लावल्यावर तिथेच बसून राहतात. काल मी त्यांना रडताना पाहिलं.” मग त्या पुढे म्हणाल्या, “मी काही विचारलं नाही.”

सुशीलाबाईंनी काही विचारलं नाही, हे कौशल्याबाईंना सगळ्यात जास्त लागलं.

त्या दुपारी निघाल्या. वाटेत दवाखान्यात उतरल्या आणि गोळ्या चुकल्याचं सांगितलं. उत्कर्षानं रागावण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं, पुन्हा रक्त तपासून घेतलं, ते ठीक निघालं, आणि आजपासून परत रोज घ्या, म्हणाली. घरी आल्या तेव्हा दिव्याची वेळ झाली होती. रंगनाथराव पाटावर बसून काडी ओढत होते. त्यांनी वर पाहिलं आणि उठायला लागले. कौशल्याबाईंनी त्यांना बसा म्हणून हातानं खूण केली. निरांजन लागल्यावर त्यांनी खणातली बाटली काढली, कपाटाच्या कोपऱ्यातला स्टीलचा पेला घेतला, त्यात पाणी ओतलं आणि गोळी घेतली.

“तो माझा आहे,” रंगनाथराव म्हणाले.

“माहीत आहे,” कौशल्याबाई म्हणाल्या.

ताट-वाटी-पेला घरातल्या भांड्यांत मिसळले, गादी मात्र हॉलमध्येच राहिली. दिवस असेच गेले. रोज संध्याकाळी घंटा वाजायची, कौशल्याबाई ‘हो’ दाबायच्या आणि सुशीलाबाई येऊन खात्री करून जायच्या. रंगनाथरावांचं वजन भरलं. त्यांचे रिपोर्ट चांगले येऊ लागले, एकामागून एक. आणि मग एका भेटीत डॉक्टर म्हणाले की विषाणू आता तपासणीत सापडतच नाही, कित्येक महिने असंच आहे. काकांनी आपलं औषध जन्मभर घ्यायचं. काकूंची गोळी मात्र थांबवायला हरकत नाही. धोका संपला.

उत्कर्षाला फार आनंद झाला. तिनं फोन मागून घेतला आणि ॲपमधून काकूंचं नाव बंद केलं. रिक्षात दोघं दोन टोकांना बसली होती. कौशल्याबाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या लक्षात आलं, की आतापर्यंत मध्ये काहीतरी होतं. आजार होता, गोळी होती, दिवा होता. त्यांच्याकडे बोट दाखवता येत होतं. आता ते सगळं निघून गेलं होतं आणि मध्ये नुसती जागा उरली होती. ती ओलांडली नाही तर त्याचं कारण डॉक्टर नव्हते.

घराच्या दारात सुशीलाबाई उभ्याच होत्या. ॲपनं जाता जाता शेवटचा मेसेज त्यांना पाठवला होता: ‘अभिनंदन! कौशल्या यांनी आपला संकल्प यशस्वीपणे पूर्ण केला आहे. आपल्या सोबतीबद्दल आभार.’

“नेम पुरा झाला,” सुशीलाबाई म्हणाल्या. “आता उद्यापन.”

कौशल्याबाईंनी नको म्हणून पाहिलं. पण ज्या नेमाला अख्ख्या सोसायटीनं वाती पुरवल्या, तो गुपचूप संपवता येणार नव्हता. बायकांनी सुरळीच्या वड्या कोण करणार, वरण कोण करणार हे वाटून घेतलं. सुलक्षणाला नागपूरला फोन गेला आणि आईनं बाबांसाठी एवढं केलं, हे तिला शेजारणीकडून समजलं. ती फोनवर आईशी बोलताना सारखी नाक ओढत होती. कौशल्याबाई तिचं सांत्वन करत होत्या.

उद्यापनाला गुरुजी आले. कुठल्या व्रताचं उद्यापन, हे त्यांनी विचारल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या की तुम्ही आपलं चालू करा. हॉलमधली गादी गुंडाळून बेडरूममध्ये टाकली होती, कारण बायकांना बसायला सतरंजी अंथरायची होती. रंगनाथराव रेशमी कद नेसून पाटावर बसले. त्यांच्या उजव्या हाताला कौशल्याबाई बसल्या, हिरव्या साडीत. दोन पाटांत बरंच अंतर होतं. सुशीलाबाईंनी ते पाहिलं आणि वाकून एक पाट सरकवला.

गुरुजींनी रंगनाथरावांच्या ओंजळीत पाणी दिलं, अक्षता दिल्या आणि संकल्प सुरू केला. मग कौशल्याबाईंकडे न बघताच म्हणाले, “यजमानांच्या हाताला हात लावा.”

कौशल्याबाईंनी हात उचलला नाही. हात लावल्यानं काही होत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी इंदूरचं कळलं त्या रिक्षातल्या दुपारपासून त्यांनी त्या माणसाला हात लावला नव्हता. ताप असतानासुद्धा कपाळावरची पट्टी त्यांनी बोटांच्या टोकांनी ठेवली होती, मध्ये कापड राहील अशी. गुरुजी थांबले. बायका थांबल्या. रंगनाथरावांनी मान वर केली नाही, पण ओंजळीतलं पाणी हलायला लागलं, आणि थेंब थेंब कदावर गळू लागलं.

“हात लावा, बाई,” गुरुजी पुन्हा म्हणाले. “पाणी संपेल.”

कौशल्याबाईंनी हात लावला.

त्यांनी माफ केलं होतं का, तर ते त्यांना माहीत नव्हतं. इंदूर होतं तिथेच होतं. हात मात्र ओळखीचा होता. पहिल्यापेक्षा हडकुळा झाला होता आणि मनगटावर बाही भाजली तेव्हाचा डाग होता. त्यांनी पाचही बोटं त्याभोवती घट्ट धरली, तेव्हा पाणी हलायचं थांबलं.

गुरुजींनी मंत्र पुरा केला, पाणी ताम्हणात सोडायला लावलं आणि म्हणाले, आता हात काढला तरी चालेल. हात निघाला नाही. त्यांनी आणखी एकदा सांगितलं. मग बाईंना कमी ऐकू येत असावं असं समजून ते पुढच्या पूजेला लागले. जिथे हात लावायचं काही कारण नव्हतं तिथेही तो हात तसाच होता. रंगनाथराव उरलेली सगळी फुलं डाव्या हातानं वाहत होते. गुरुजींनी एक-दोनदा कपाळाला आठ्या घातल्या, पण दक्षिणा ठरलेली होती आणि बायका हुंदके देत होत्या, त्यामुळे ते पुढचे मंत्र म्हणत राहिले.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण झाला. गुरुजी तेच. घरातल्या बाईंनी यजमानांच्या हाताला हात लावला, तो आरतीपर्यंत काढलाच नाही. यजमान अवघडून बसले होते. गुरुजी वैतागून म्हणाले, की संकल्प केव्हाच झाला, आता हात काढा.

“आमच्या सोसायटीत काढत नाहीत,” मागून सुशीलाबाई म्हणाल्या.